यंत्रणा भाड्याची, निर्णय बँकेचा

नागरी सहकारी बँकेच्या संचालक मंडळाच्या सभेत संगणक विभागाचा विषय बहुधा विषयपत्रिकेच्या तळाशी असतो. तो आला की दोनच प्रश्न होतात : खर्च किती, आणि रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत काही निघणार नाही ना? कर्जवाटप, ठेवी, वसुली, नवी शाखा हे धंद्याचे विषय आणि संगणक हा त्यासाठी करावा लागणारा खर्च, अशी ही वाटणी आहे. देशात सुमारे दीड हजार नागरी सहकारी बँका आहेत आणि त्यांतल्या सर्वांत जास्त महाराष्ट्रात आहेत, म्हणून या वाटणीचे परिणाम आपल्याकडे सर्वांत जास्त भोगावे लागतात. माझे म्हणणे असे आहे की लहान बँकेने यंत्रणा खुशाल भाड्याने घ्यावी, पण त्या यंत्रणेने काय करायचे हा निर्णय मात्र भाड्याने देता येत नाही. धंद्याचा प्रत्येक ठराव त्याच क्षणी संगणकाचाही ठराव असतो, मग तो तसा लिहिलेला असो वा नसो. याच्या विरुद्धचे मत वजनदार आहे आणि ते अनुभवातून आलेले आहे. म्हणून ते मत इथे एका अध्यक्षांच्या तोंडून मांडतो. हे अध्यक्ष म्हणजे कोणी एक व्यक्ती नव्हे. तालुक्याच्या गावी मुख्य कार्यालय, दहा-बारा शाखा आणि तीन-चारशे कोटींच्या ठेवी असलेली बँक इमानाने चालवणाऱ्या माणसाची ती बाजू आहे.

अध्यक्ष : अहो, रणनीती वगैरे शब्द मोठ्या बँकांना शोभतात. आमचा संगणक विभाग म्हणजे एक अधिकारी आणि हाताखाली दोन मुलं. कोअर बँकिंग, म्हणजे सगळ्या शाखांची खाती एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर, आमचं नाही, व्हेंडरचं. सर्व्हर त्याच्या डेटा सेंटरमध्ये, आम्ही महिन्याचं भाडं भरतो. एनईएफटी, एटीएम, यूपीआय हे सगळं स्पॉन्सर बँकेच्या आधारानं, सब-मेंबर म्हणून चालतं. शेजारच्या तालुक्यातली बँक तेच सॉफ्टवेअर वापरते, तिच्या शेजारचीही तेच. मग आम्ही ठरवायचं काय, आणि ठरवून वेगळं मिळवायचं काय? आमचा धंदा ओळखीवर चालतो. कर्जदाराचं दुकान कसं चालतं, त्याचा हंगाम कधी, घरात लग्नकार्य कधी आहे, हे शाखाधिकाऱ्याला तोंडपाठ असतं. ते कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये बसत नाही. चार पैसे जास्त असतील तर मी ते वसुली अधिकाऱ्यावर खर्च करीन.

लेखक : अध्यक्षसाहेब, तुमच्या बाजूने बोलणारा एक नामवंत साक्षीदारही आहे. निकोलस कार या अमेरिकन लेखकाने मे २००३च्या ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये असे मांडले की माहिती तंत्रज्ञान आता सगळ्यांनाच सारखे मिळते, त्यामुळे त्याच्या जोरावर कोणी कोणाच्या पुढे जाऊ शकणार नाही. रेल्वेचे आणि विजेचे जे झाले तेच याचे होणार. लहान बँकेपुरते यातले अर्धे मला मान्य आहे. स्वतःचे सॉफ्टवेअर लिहून घेणे, स्वतःचे डेटा सेंटर उभारणे या भानगडीत तुम्ही पडूच नये. पण त्याच लेखात कार यांनी संधींपेक्षा धोक्यांकडे जास्त लक्ष द्या असेही बजावले आहे, आणि तेवढा भाग सोयीने विसरला जातो. शिवाय सॉफ्टवेअर सारखे असले म्हणून त्याचा वापर सारखा होत नाही. तुमच्या प्रत्येक शाखेत रोज होणारे सोनेतारण घ्या. ग्राहक दागिने आणतो, मूल्यांकन करणारा सराफ कस लावतो, खडे, मेण, लाख वजा करून निव्वळ वजन काढतो आणि दाखल्यावर सही करतो. पिशवीला सील लागून ती तिजोरीत जाते. आता समजा, खाते उघडताना कारकुनाने कोअर बँकिंगच्या शेऱ्याच्या रकान्यात ‘बांगड्या २, पोत १, नि. व. ४२ ग्रॅ.’ असे लिहिले. कर्जाची रक्कम बरोबर, व्याज बरोबर, दिवसअखेर ताळा जुळतो. पण यंत्रणेच्या लेखी ते वजन म्हणजे नुसती अक्षरे आहेत, आकडा नाही. सोन्याचा भाव घसरला तर कोणत्या खात्यात कर्ज तारणाच्या किती टक्क्यांवर गेले, ही यादी तुम्हाला मिळणार नाही. कोणीतरी दाखल्यांचा गठ्ठा आणि एक्सेल घेऊन दोन दिवस बसेल. त्याच सॉफ्टवेअरमध्ये ढोबळ वजन, निव्वळ वजन आणि शुद्धता यांचे वेगळे रकाने सक्तीचे करणारी आणि रोजचा भाव भरणारी बँक हीच यादी सकाळी दार उघडायच्या आत काढू शकते.

ही चैन नव्हे. जून २०२५मध्ये रिझर्व्ह बँकेने सोने-चांदी तारणाचे जे निर्देश काढले, त्यांत घरगुती गरजेच्या कर्जांसाठी अडीच लाखांपर्यंत तारणाच्या ८५ टक्के, अडीच ते पाच लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के अशी मर्यादा आहे. ती कर्ज देतानाच नव्हे तर मुदतभर सांभाळायची आहे. मुद्दल-व्याज एकदम शेवटी फेडायचे असेल तर मुदतअखेरपर्यंतचे व्याजही त्या हिशेबात धरायचे. दागिन्याचा भाव गेल्या ३० दिवसांच्या सरासरीने किंवा आदल्या दिवशीच्या बंद भावाने, यांत जो कमी असेल त्याने लावायचा. १ एप्रिल २०२६ ही या निर्देशांच्या अंमलबजावणीची शेवटची मुदत ठरली. सोनेतारण वाढवायचे, हा तुमचा धंद्याचा ठराव. तो मंजूर करताना वजनाचा रकाना आकड्याचा आहे की शेऱ्याचा, हे कोणी विचारले नाही, तर तो ठराव अर्धाच झाला. आणि ओळखीवरच्या धंद्याचेही हेच आहे. नागरी बँकांनी एकूण कर्जांपैकी किमान निम्मी कर्जे लहान रकमेची ठेवावीत असा दंडक आहे. म्हणजे खाती जास्त, प्रत्येकामागे कमाई थोडी आणि कागदपत्रे मात्र तेवढीच. शाखाधिकाऱ्याची ओळख पन्नास कर्जदारांना पुरते, पाच हजारांना पुरत नाही. त्याची बदली झाली की ती ओळखही त्याच्याबरोबर जाते. ज्या वसुली अधिकाऱ्यावर तुम्ही पैसे खर्च करू म्हणता, त्याला सकाळी कोणत्या दहा घरी जायचे हे सांगणारी यादी हाच त्याच्या पगाराचा खरा मोबदला आहे.

अध्यक्ष : यादी हवी, मान्य. पण हे सगळं ठरवायला रिझर्व्ह बँक बसलीच आहे ना? परिपत्रक येतं, आम्ही व्हेंडरला पाठवतो, तो बदल करून देतो, त्याचे वेगळे पैसे घेतो. ऑडिटर येतो, टिपण काढतो, आम्ही पूर्तता करतो. लहान बँकेला याहून वेगळं धोरण कशाला? रिझर्व्ह बँकेचं म्हणणं पाळणं हेच आमचं धोरण. उलट स्वतःचं डोकं चालवायला गेलो आणि चुकलो, तर कोणी वाचवायला येणार नाही.

लेखक : परिपत्रकालाच धोरण मानायचे, तर रिझर्व्ह बँकेची परिपत्रके तुमच्या निर्णयावर किती अवलंबून असतात ते आधी पाहू. ३१ डिसेंबर २०१९ला नागरी बँकांसाठी सायबर सुरक्षेचा जो आराखडा आला, त्यात बँकांचे आकारावरून गट पाडलेले नाहीत. बँक कोणत्या डिजिटल सेवा देते त्यावरून चार पातळ्या ठरवल्या आहेत. पहिली पातळी सगळ्यांना. सब-मेंबर असलेली बँक इंटरनेट बँकिंग किंवा मोबाईल ॲप देऊ लागली, तर दुसरी. देयक यंत्रणेची थेट सभासद झाली, स्वतःचा एटीएम स्विच घेतला किंवा परदेशी व्यवहारांचे संदेश नेणाऱ्या स्विफ्टची जोडणी केली, तर तिसरी. चौथ्या पातळीवर सुरक्षेवर सतत लक्ष ठेवणारे केंद्र आणि संचालक मंडळाची स्वतंत्र माहिती तंत्रज्ञान समिती आलीच. तेव्हा ‘शेजारच्या बँकेने ॲप काढले, आपणही काढू’ असे सभेत कोणी म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, तर त्या एका मिनिटात तुम्ही बँकेची पातळी बदलली आणि तिच्याबरोबर येणारा दरवर्षीचा खर्च आणि जबाबदारीही पत्करली. रिझर्व्ह बँकेने ॲप काढायला सांगितले नव्हते. इथे मी तंत्रज्ञानाचा कैवार घेतो आहे असे समजू नका. तुमचे बहुसंख्य ग्राहक व्यापारी आणि निवृत्त लोक असतील आणि त्यांना काउंटरची चोख सेवा आणि वेळेवर येणारा मराठी एसएमएस पुरेसा असेल, तर ‘आम्हाला ॲप नको’ हा उत्तम ठराव आहे. तो विचार करून झालेला असावा, एवढेच माझे म्हणणे.

दुसरी गोष्ट अशी की, जिथे नियम लागू नाही तिथे तुमचे धोरणही संपते. माहिती तंत्रज्ञानाची कामे बाहेर देण्याबाबतचे एप्रिल २०२३चे निर्देश नागरी बँकांमध्ये फक्त तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीला, म्हणजे एक हजार कोटींहून जास्त ठेवी असलेल्यांना लागू झाले. थकीत कर्जांचे वर्गीकरण यंत्रणेनेच करावे हे २०२० सालचे बंधनही मोठ्यांपुरतेच होते. तुमच्यासारख्या, म्हणजे सर्वांत जास्त काम बाहेरून करून घेणाऱ्या बँकांना यातून सूट मिळाली. ती दयाबुद्धीने दिली, पण सूट म्हणजे धोका नाही असे नव्हे. आणि कागदी पूर्ततेचा भरवसा किती धरावा, हे सप्टेंबर २०१९मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या ठेवीदारांना कळले. पहिल्या आदेशाने त्यांना खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येत होते. तपासात जे पुढे आले ते असे : एका बांधकाम उद्योगसमूहाच्या कर्जांसह ४४ कर्जखाती लपवण्यासाठी त्यांच्या जागी २१,०४९ बनावट खाती दाखवली गेली, आणि ती कोअर बँकिंगमध्ये नव्हतीच, फक्त नियामकाला दिल्या जाणाऱ्या यादीत होती. यंत्रणेत एक सत्य आणि अहवालात दुसरे. हा गुन्हा होता, त्याला नुसती ढिलाई म्हणता येणार नाही. पण तो वर्षानुवर्षे चालू शकला, कारण संचालकांपुढे येणारी यादी थेट यंत्रणेतून निघते की कोणी हाताने तयार करतो, हा प्रश्न त्या टेबलावर कधी आला नाही. तो प्रश्न विचारायला संगणकशास्त्र यावे लागत नाही.

अध्यक्ष : ते राजकारण आणि लबाडीचं प्रकरण. आमच्या बँकेत तसं नाही. साध्या सुरक्षेचं म्हणाल, तर ती व्हेंडरची जबाबदारी. त्याच्याकडे शेकडो बँका आहेत, इंजिनियर आहेत, प्रमाणपत्रं आहेत. आमची दोन मुलं त्याच्यापेक्षा शहाणी आहेत का? काम त्याला दिलं, करार केला, पैसे भरतो. काही बिघडलं तर तो भरून देईल. उगाच त्याच्या कामात लक्ष घालून आम्ही काय साधणार?

लेखक : ३१ जुलै २०२४ची घटना तुमच्या लक्षात असेल. सी-एज टेक्नॉलॉजीज ही स्टेट बँक आणि टीसीएस यांची संयुक्त कंपनी. म्हणजे भागीदारांची नावे याहून मोठी मिळणे कठीण. तिच्या यंत्रणेवर खंडणीखोर व्हायरसचा हल्ला झाला आणि खबरदारी म्हणून राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने तिची जोडणी तोडली. देशभरातल्या सुमारे ३०० सहकारी आणि ग्रामीण बँकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार थांबले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली, हे चांगलेच झाले. पण या ३०० बँकांपैकी बहुतेकांनी स्वतः काही चूक केली नव्हती. त्यांनी फक्त तोच व्हेंडर निवडला होता. त्या दिवशी काउंटरवर उभ्या राहिलेल्या ग्राहकाने कोणाकडे पाहिले? कराराच्या प्रतीकडे नव्हे, शाखाधिकाऱ्याकडे. त्या शाखाधिकाऱ्याकडे रोख रकमेची वाढीव सोय होती का, लोकांना काय सांगायचे हे ठरलेले होते का, पगाराच्या आणि पेन्शनच्या दिवशी असे झाले तर कोणत्या शाखेला आधी रोख पाठवायची हे लिहिलेले होते का? या प्रश्नांची उत्तरे व्हेंडर देऊ शकत नाही, कारण ते प्रश्नच धंद्याचे आहेत.

आता पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे उदाहरण. ही १९०६ साली स्थापन झालेली, देशातल्या मोठ्या नागरी बँकांपैकी एक. ११ ऑगस्ट २०१८ला, शनिवारी, चोरांनी बँकेच्या एटीएम स्विचच्या जागी स्वतःचा बनावट स्विच उभा केला. कार्ड यंत्रात घातले की एरवी विचारणा कोअर बँकिंगपर्यंत जाते, शिल्लक तपासली जाते आणि होकार किंवा नकार परत येतो. बनावट स्विच कोअर बँकिंगला न विचारताच होकार देत होता. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे १२ हजार व्यवहार झाले. सोमवारी स्विफ्टमधून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगला गेले. एकूण नुकसान ९४ कोटी ४२ लाखांचे, आणि ते बँकेने सोसले. ग्राहकांच्या खात्यांना धक्का लागला नाही. हल्ला तांत्रिक होता. तरी त्यातून निघणारे प्रश्न पाहा. आपल्या कार्डधारकांपैकी किती जण परदेशात जाऊन एटीएममधून पैसे काढतात? नसतील काढत, तर सगळ्यांची कार्डे परदेशासाठी खुली का? एका तासात परदेशातून किती रक्कम निघाली की दार आपोआप बंद व्हावे? शनिवार-रविवारी हे पाहायला कोण बसते? पुढे जानेवारी २०२०मध्ये रिझर्व्ह बँकेने नवे कार्ड देताना ते फक्त देशातल्या वापरापुरतेच चालू ठेवण्याचा आणि परदेशाची सोय ग्राहकाने मागितली तरच सुरू करण्याचा आदेश काढला. म्हणजे जो निर्णय कोणतीही बँक आपल्या ग्राहकांकडे पाहून आधीच घेऊ शकत होती, तो सगळ्या देशासाठी वरून यावा लागला. हा निर्णय संगणकाच्या एका सेटिंगचा आहे, पण ते सेटिंग काय असावे हे ग्राहक ओळखणाऱ्यालाच ठरवता येते. तुमच्या संगणक विभागातल्या मुलांना ते माहीत नाही आणि तुमच्या शाखाधिकाऱ्याला ते विचारले जात नाही.

कराराचेही थोडे सांगतो. ‘व्हेंडर भरून देईल’ हे वाक्य करारात कुठे लिहिले आहे ते कायदेशीर सल्लागाराकडून एकदा दाखवून घ्या. सहसा भरपाईला वर्षाच्या भाड्याची किंवा तशीच काही मर्यादा असते, आणि गेलेल्या अब्रूला तर कलमच नसते. डेटा कोणाच्या मालकीचा, करार संपल्यावर तो कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत परत मिळेल, व्हेंडरने काम पुढे आणखी कोणाला दिले आहे, त्याच्या जागेची तपासणी तुमच्या ऑडिटरला करता येईल का, हे चार मुद्दे एप्रिल २०२३च्या निर्देशांत मोठ्या बँकांसाठी आहेत. तुम्हाला बंधन नाही म्हणून तुमच्या करारात ते असू नयेत असे थोडेच आहे? दुसऱ्या व्हेंडरकडे जाता येणार नाही अशी अवस्था झाली की पुढची दहा वर्षे तुमच्या व्याजदराच्या योजना त्याच्या ‘चेंज रिक्वेस्ट’च्या दरपत्रकावर ठरतात. त्या दिवशी तुम्ही धंद्याचे धोरणही त्याच्या हवाली केलेले असते.

अध्यक्ष : मग मोठ्यांचं काय झालं? पंजाब नॅशनल बँकेकडे माणसं होती, पैसा होता, समित्या होत्या. तरी तेरा हजार कोटी गेले. हे धंदा आणि यंत्रणा जोडणं एवढं गुणकारी असतं, तर तिथे का नाही उपयोगी पडलं?

लेखक : पडले नाही, कारण जोडलेलेच नव्हते. २०१८च्या सुरुवातीला मुंबईच्या ब्रॅडी हाऊस शाखेचे जे प्रकरण उघड झाले, त्याचा कणा हाच होता. भारतीय बँकांच्या परदेशांतल्या शाखांना हमी देणारे स्विफ्टचे संदेश कोअर बँकिंगला जोडलेले नव्हते. संदेश बाहेर गेला, पण बँकेच्या स्वतःच्या खतावणीत त्याची नोंद झाली नाही, म्हणून वर्षानुवर्षे कोणाला ती देणी दिसली नाहीत. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने स्विफ्ट आणि कोअर बँकिंग जोडण्यासाठी बँकांना ३० एप्रिल २०१८ची मुदत दिली. या उदाहरणाचा निष्कर्ष तुमच्या विरुद्ध जातो. पैसा आणि माणसे असूनही धंदा एका बाजूला आणि यंत्रणा दुसऱ्या बाजूला राहिली की दोघांमधल्या फटीतून पैसा जातो. लहान बँकेकडे ती फट दिसण्याची शक्यता उलट जास्त आहे. दहा-बारा शाखांच्या बँकेत सोनेतारण पाहणारा, संगणक पाहणारा आणि वसुली पाहणारा अधिकारी एकाच मजल्यावर बसतात. त्यांना महिन्यातून एकदा एका टेबलाभोवती बसवायला सल्लागार कंपनी लागत नाही.

अध्यक्ष : बसवीन. पण टेबलाच्या माझ्या बाजूला कोण आहे? संचालकांत एक धान्याचे व्यापारी, एक डॉक्टर, दोन शिक्षक, एक वकील. त्यांनी प्रश्न विचारावेत कसे? आणि खरं सांगू? आज ना उद्या आमच्यासारख्यांना मोठ्या बँकेत विलीनच व्हायचं आहे, असं सगळेच म्हणतात. मग हा खटाटोप कोणासाठी?

लेखक : प्रश्न विचारण्याबद्दल फार बोलत नाही. वर विचारलेला एकही प्रश्न धान्याच्या व्यापाऱ्याला न कळण्यासारखा नाही. रोजचा माल, वजन, भाव आणि उधारी यांचा मेळ तो आयुष्यभर घालत आला आहे. शंभर कोटी किंवा त्याहून जास्त ठेवी असलेल्या नागरी बँकांना व्यवस्थापन मंडळ नेमावे लागते. त्यात माहिती तंत्रज्ञानातला एक जाणकार घ्या आणि त्याला अहवालाच्या शेवटी नव्हे तर कर्ज धोरणाच्या चर्चेत बोलायला लावा, म्हणजे झाले. विलीनीकरणाचा मुद्दा जास्त गंभीर आहे. काही बँकांना तो मार्ग घ्यावाच लागेल, आणि ठेवीदाराच्या हिताचा असेल तर त्यांनी तो लाजेने न घेता हिमतीने घ्यावा. पण केवळ तंत्रज्ञान परवडत नाही म्हणून प्रत्येक लहान बँक संपली पाहिजे, हे मला मान्य नाही. जर्मनीत आजही शेकडो सहकारी बँका आहेत, त्यांतल्या कित्येक लहान गावांतल्या. त्यांचे संगणकाचे काम अत्रुविया नावाची कंपनी करते आणि ती या बँकांच्याच समूहाच्या मालकीची आहे. प्रत्येक बँक धोरण स्वतः ठरवते, यंत्रणा मात्र सगळ्यांची एक आणि तिच्यावर मालकीही सगळ्यांची. महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. एकेका ऊस उत्पादकाला चरकापलीकडे यंत्र परवडत नव्हते, तेव्हा प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी भागभांडवल गोळा करून अख्खा साखर कारखाना शेतकऱ्यांच्या मालकीचा केला. यंत्र एकट्याला परवडत नाही, म्हणून ते भाड्याने घ्यावे किंवा शेती सोडावी, एवढेच दोन पर्याय त्यांनी मानले नाहीत.

नागरी बँकांसाठी तिसरा पर्याय आता कागदावर तरी तयार आहे. राष्ट्रीय नागरी सहकारी वित्त व विकास महामंडळ ही शिखर संस्था मार्च २०२४मध्ये सुरू झाली, आणि सामाईक तंत्रज्ञान पुरवणे हे तिच्या उद्दिष्टांपैकी एक आहे. मला तिच्याकडून आशा आहे, पण एक भीतीही आहे. बँकांनी आपल्याला काय हवे ते न ठरवताच तिच्या दारात उभे राहायचे ठरवले, तर ती त्यांच्यासाठी आणखी एक व्हेंडर होईल, फक्त नाव सहकाराचे. जी बँक आज स्वतःच्या सोनेतारणाचा, लघुकर्जांचा आणि काउंटरचा विचार करून ‘यंत्रणेकडून आम्हाला हे, हे आणि हे हवे’ अशी दोन पानांची यादी लिहील, तिला उद्या या सामाईक यंत्रणेत बोलण्याचा अधिकार मिळेल. विलीन व्हायची वेळ आली तरी स्वच्छ डेटा आणि परत मिळण्याची हमी असलेला करार घेऊन जाणारी बँक आपल्या सभासदांसाठी बऱ्या अटी मागू शकते. म्हणून हा खटाटोप, अध्यक्षसाहेब, दोन्ही बाजूंनी ठेवीदाराच्याच उपयोगाचा आहे.

हा वाद इथे थांबवतो, कारण पुढचा भाग अध्यक्षांचा किंवा माझा नाही, सभासदांचा आहे. वाचकहो, तुमच्यापैकी पुष्कळ जण एखाद्या नागरी बँकेचे सभासद असाल. तिची वार्षिक सर्वसाधारण सभा दरवर्षी सप्टेंबरअखेरपर्यंत होते, अहवाल घरी येतो आणि बहुतेक जण त्यात लाभांशाचा आकडा पाहतात. या वर्षी त्या सभेला जा आणि तीन गोष्टी विचारा. आपला डेटा कोणाकडे आहे आणि करार संपल्यावर तो किती दिवसांत परत मिळेल? संचालकांपुढे येणारी थकबाकीची यादी थेट यंत्रणेतून निघते की कोणी तयार करून देतो? व्हेंडरची यंत्रणा एक दिवस बंद पडली तर शाखेत काय करायचे, हे कुठे लिहिले आहे? ‘पाहून सांगतो’ असे उत्तर आले, तर ते तसेच्या तसे इतिवृत्तात नोंदवून घ्या.